नंबर, अंतर आणि समायोजन



न्यू साउथ वेल्सच्या बारावीलाही एचएससीच म्हणतात, पण नाव सोडले तर महाराष्ट्राच्या एचएससीशी तिच्या गुणांच्या हिशेबाचे फारसे नाते नाही. प्रत्येक विषयाच्या अंतिम गुणांत निम्मा वाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या राज्यव्यापी परीक्षेचा आणि निम्मा वाटा शाळेने वर्षभरात घेतलेल्या मूल्यमापनाचा असतो. बहुतेक विषयांत बारावीला शाळेने जास्तीत जास्त चार असेसमेंट घ्यायच्या असतात. त्यातली एकच औपचारिक लेखी परीक्षा असू शकते आणि तिचे वजन ३० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. ट्रायल ती हीच. ट्रायलच्या पेपरवरचा लाल आकडा पाहून घरात सुतक पाळण्याची प्रथा आहे. त्या आकड्याचे पुढे काय होते हे ठाऊक असते, तर ही प्रथा पडली नसती.

शाळेचे गुण जसेच्या तसे अंतिम निकालात जात नाहीत. महाराष्ट्रात दहावीला शाळेच्या हातातले २० गुण ८० गुणांच्या लेखी परीक्षेत सरळ मिळवले जातात, त्यामुळे शाळेचा हात सढळ असला की मुलांचा फायदा होतो. न्यू साउथ वेल्समध्ये हा सढळपणा निरुपयोगी ठरतो. एका शाळेचे पेपर अवघड, दुसरीचे सोपे. एका शिक्षकाचा ७० म्हणजे दुसऱ्याचा ८५. असे गुण एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत. म्हणून नेसा, म्हणजे राज्याचे शिक्षण मानक प्राधिकरण, प्रत्येक शाळेच्या प्रत्येक विषयाच्या गटाचे समायोजन करते. मॉडरेशन म्हणतात ते हेच. महाराष्ट्र बोर्डातल्या नियामकांशी, म्हणजे मॉडरेटरांशी, त्याची गल्लत होऊ नये. नियामक उत्तरपत्रिका तपासणीवर नजर ठेवतात. इथे उत्तरपत्रिकेला कोणी हात लावत नाही, आकड्यांचीच पट्टी बदलली जाते.

समायोजनाचे नियम तीन. शाळेने दिलेल्या सर्वांत वरच्या गुणाच्या जागी त्या गटातला राज्य परीक्षेचा सर्वोच्च गुण येतो. गटाच्या समायोजित गुणांची सरासरी परीक्षेच्या सरासरीइतकीच ठेवली जाते. सर्वांत खालचा गुणही, जमेल तिथे, परीक्षेतल्या नीचांकाशी जुळवतात. अधल्यामधल्या मुलांचा क्रम शाळेने लावला तोच राहतो आणि त्यांच्यातली अंतरे शाळेने दाखवलेल्या प्रमाणाला धरून बसवली जातात.

पाच मुलांचा एक कल्पित वर्ग घेतला की हे स्पष्ट होते. शाळेचे गुण ८८, ८४, ८०, ७० आणि ५८. त्याच क्रमाने त्या मुलांचे परीक्षेतले गुण ८२, ९०, ७१, ६८ आणि ४९. परीक्षेच्या गुणांची बेरीज ३६०, सरासरी ७२. समायोजनानंतर शाळेचे गुण साधारण ९०, ८३, ७६, ६२ आणि ४९ होतात. बेरीज पुन्हा ३६०. पहिल्या मुलाने परीक्षेत ८२ मिळवले, पण शाळेत तो पहिला होता म्हणून दुसऱ्याने कमावलेला ९० त्याच्या समायोजित रकान्यात गेला. दुसऱ्याच्या रकान्यात ८३ आले. परीक्षा आणि समायोजित गुण यांची सरासरी काढली तर पहिल्याला ८६ आणि दुसऱ्याला ८६.५ मिळतात. वर्षभर मागे राहिलेला मुलगा परीक्षेच्या जोरावर अर्ध्या गुणाने पुढे गेला, आणि पहिल्याची वर्षभराची मेहनतही वाया गेली नाही.

आई-बापांच्या गप्पांत याच ठिकाणी एक गैरसमज हमखास ऐकू येतो : तिसरा नंबर आला की परीक्षेतला तिसऱ्या क्रमांकाचा गुण पदरात पडतो. वरच्या उदाहरणात परीक्षेतला तिसरा गुण ७१ आहे, तिसऱ्या मुलाला मात्र ७६ मिळाले. कारण शाळेत तो दुसऱ्याच्या जवळ आणि चौथ्याच्या बराच पुढे होता. हिशेबात नंबरइतकेच अंतरही मोजले जाते. पहिल्यापासून अर्ध्या गुणाने मागे असलेला दुसरा आणि दहा गुणांनी मागे असलेला दुसरा यांचा नंबर एकच, पण समायोजनात त्यांच्या वाट्याला फार वेगळे आकडे येतात. नंबर एकाने घसरला म्हणून हळहळण्यापेक्षा उरलेल्या असेसमेंटमध्ये वरच्याशी असलेले अंतर किती कमी होते हे पाहणे जास्त कामाचे.

दुसरी गोष्ट, समायोजनातून वाटले जाणारे सगळे गुण वर्गानेच परीक्षेत कमावलेले असतात. चौथ्या मुलाने ६८ ऐवजी ७८ मिळवले असते, तर सरासरी दोनाने वर सरकली असती आणि त्याचा लाभ दुसऱ्या-तिसऱ्या मुलांपर्यंतही पोचला असता. नंबर एकदा लागला की वर्गातल्या इतरांचे परीक्षेतले यश आपल्या तोट्याचे राहत नाही, उलट फायद्याचे होते. तरीही नोट्स लपवण्याचे प्रकार चालतात आणि तेही नेमके ट्रायलनंतर, जेव्हा लपवून मिळवण्यासारखे काहीच उरलेले नसते.

निवडक प्रवेशाच्या सिलेक्टिव्ह शाळांबद्दलची धास्तीही याच नियमाने सुटते. तिथे तिसावा नंबर आलेल्याचे शाळेतले गुण कमी दिसतात. पण परीक्षेत सगळा गटच वर गेला तर तिसाव्याचा समायोजित गुणही वर जातो. उलट बाजूने, साध्या शाळेत पहिला आलेल्याने परीक्षेतही गटात सर्वोच्च गुण मिळवले, तर दोन्ही रकान्यांत त्याचाच गुण असतो आणि शाळेचे नाव त्याला खाली ओढत नाही. विषयाला एकच विद्यार्थी असेल तर त्याचा समायोजित गुण म्हणजे त्याचाच परीक्षेचा गुण. आजारपणासारख्या कारणाने एखाद्याची परीक्षा अगदीच विसंगत झाली, तर तो गुण गटाच्या समायोजनातून वगळता येतो, म्हणजे एकाच्या तापाने सगळ्यांची सरासरी बुडत नाही.

समायोजनानंतरच्या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. एकीत गुण राज्याच्या ठरीव मानकांशी जुळवून बँड दिले जातात. ९० आणि त्यावर असेल तो बँड सहा. दुसरी पायरी एटारची. ते काम नेसा करत नाही, विद्यापीठ प्रवेश केंद्र करते. विषयांचे गुण एकमेकांच्या तुलनेत आणून ९९.९५ पर्यंतचा क्रमांक ठरवला जातो. एटार हा गुण नव्हे, टक्केवारी तर नव्हेच.

शेवटचा पेपर संपल्यावर विद्यार्थ्याला प्रत्येक विषयातला आपला शाळेतला अंतिम नंबर ऑनलाइन पाहता येतो. तो चुकीचा वाटला तर शाळेकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय आहे, पण त्यात फक्त वजने, बेरीज आणि ठरलेली पद्धत तपासली जाते. एखाद्या निबंधाला १६ ऐवजी १८ का दिले नाहीत, हा प्रश्न तेव्हा कोणी ऐकत नाही. तो पेपर हातात पडला त्याच आठवड्यात शिक्षकांना विचारायचा असतो.