रिस्टोअर झाले, पण लॉगिन होईना

प्रश्न : ओलायातील आमच्या कार्यालयात विंडोज सर्व्हरची डिस्क गेली. तीन महिन्यांपूर्वीच्या बॅकअपवरून सगळी सिस्टिम नव्या मशीनवर रिस्टोअर केली. सर्व्हर चालू होतो, पण डोमेन खात्याने लॉगिन होत नाही. बॅकअप खराब आहे का? सगळे नव्याने टाकू?
– एक वाचक, रियाध

उत्तर : काहीही पुसू नका. सर्व्हर चालू होतोय, म्हणजे बॅकअप बहुधा ठीकच आहे. डोमेनमधल्या प्रत्येक मशीनचाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो साधारण 30 दिवसांनी आपोआप बदलतो. तुमच्या सर्व्हरला तीन महिन्यांपूर्वीचा आठवतोय, डोमेन कंट्रोलरकडे मात्र ताजा आहे.

आधी घड्याळ आणि टाइम झोन पाहा. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तरी लॉगिन अडते. मग नेटवर्क. नव्या कार्डावर जुना स्थिर आयपी पत्ता आणि डीएनएस आपोआप येत नाहीत, ते हाताने भरा. त्यानंतर लोकल अ‍ॅडमिन खात्याने आत शिरून पॉवरशेलमधून डोमेनशी असलेली जोडणी दुरुस्त करा. तरीही जमले नाही, तर मशीन डोमेनमधून काढून पुन्हा जोडा. पण त्याआधी लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड चालतो याची खात्री करा, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल.

हा सर्व्हर स्वतःच डोमेन कंट्रोलर असेल, तर यातले काही करू नका. तो नेटवर्कपासून तोडून ठेवा आणि जाणकाराला बोलवा.