जुने कायदे, रूढी आणि आपले संविधान

संविधान आले आणि इंग्रजांचे, रूढींचे सारे कायदे गेले, असा आपल्या पुष्कळ बांधवांचा समज आहे. तो बरोबर नाही. देश एक दिवसही कायद्यावाचून राहू नये म्हणून अनुच्छेद ३७२ ने त्यावेळी अंमलात असलेला कायदा, विधिमंडळ बदलेपर्यंत, चालू ठेवला. १८६० ची दंड संहिता २०२४ पर्यंत चालली. १८७२ चा करार कायदा आजही आहे. बँकेत आम्ही कर्जाचे कागद त्याच्याच आधारे करतो.

न्यायालयांच्या निकालांतून आलेला इंग्रजी कायदाही तसाच राहिला. स्पष्ट उल्लेखाशिवाय कायदा राजाला बांधत नाही, हा विलायती नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली आपल्या सरकारला लावला. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो टाकला. प्रजासत्ताकात राजा कुठला?

मात्र परमपूज्य बाबासाहेबांच्या मसुदा समितीने जुन्या कायद्यापुढे अनुच्छेद १३ ची चाळणी धरली. मूलभूत हक्कांच्या विरुद्ध असेल तेवढा भाग बाद. आणि 'कायदा' या शब्दात तेथे रूढीही येते. पाणवठा बंद करणारी रूढी कितीही जुनी असली तरी तेथे टिकत नाही.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा यवतमाळ मध्य प्रदेशात होते. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, ते मुंबई राज्यात आले. राज्य बदलले, पण राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने येथील जुने कायदे तसेच राहिले. धम्म बदलल्यानेही सर्व कायदा बदलला नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे.

अडचण येथेच आहे. कलम ७ विवाहाला रूढीचे विधी मागते, आणि कलम ३ प्रमाणे रूढी म्हणजे दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळलेली रीत. जुन्या रूढी जाणीवपूर्वक सोडणाऱ्या समाजाला ही फूटपट्टी कशी लावायची? वाद निघाला की झळ विधवा भगिनीला बसते. पेन्शन आणि वारसा यांसाठी ती विवाहित होती हेच तिला सिद्ध करावे लागते. नोंदणीचा दाखला पुरावा म्हणून कामी येतो, पण विधीतली उणीव तो भरून काढत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात रूढीचा प्रश्नच येत नाही. त्याच्या कलम १५ खाली, अटी पुऱ्या होत असल्यास, पूर्वी झालेला विवाहही नोंदवता येतो. अर्ज पतिपत्नी दोघांच्या सहीने जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे करावा.