देशाची गंगाजळी

घरात मिळकत तेवढीच राहिली आणि खर्च वाढला, तर आपण उसनवारी करतो. देशाचंही असंच होतं. आम्ही इथे १९९१ सालची खरी हकीकत सांगतो.

आपला देश बरंचसं खनिज तेल बाहेरून विकत घेतो. त्याचे पैसे बहुतेक डॉलरमध्ये द्यावे लागतात. रुपये आपल्या छापखान्यात छापता येतात, डॉलर नाही. ते माल विकून नाहीतर कर्ज काढून मिळवावे लागतात. १९९० साली इराकने कुवेतवर चढाई केली आणि तेल कडाडलं. सरकारचा खर्च तर आधीच मिळकतीपेक्षा फार वाढलेला. मग कर्ज द्यायला कोण पुढे येणार? १९९१ च्या जूनमध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या परदेशी खरेदीपुरती गंगाजळी उरली.

घरावर वेळ आली की दागिना गहाण पडतो. जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं विमानाने परदेशी गेलं. ते गहाण ठेवून डॉलर आणले.

पण गहाणावर किती दिवस निभणार? म्हणून तीन उपाय केले.

पहिला : रुपयाचा भाव उतरवला. २१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २६ रुपयांच्या घरात गेला. त्यामुळे परदेशात आपला माल स्वस्त झाला. पण बाहेरचं तेल आपल्याला महाग पडलं.

दुसरा : रिझर्व्ह बँकेने व्याजाचा दर वाढवला. कर्ज महागलं की बाजारात पैसा कमी फिरतो, भाववाढीला आळा बसतो. पण कारखानदारही हात आखडतो आणि मजुराला काम कमी मिळतं.

तिसरा : सरकारने खर्चाला कात्री लावली. खतावरची सवलत कमी केली. शेतकऱ्याला ते जड गेलं.

१९९१ संपण्यापूर्वी गहाण सुटलं. पुढे गंगाजळीही भरत गेली. पण त्या वर्षी महागाईची झळ गरिबाला फार लागली.

यातून काय समजायचं? सरकारचा खर्च, बँकेचं व्याज आणि रुपयाचा भाव, तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. बँक पैसा आवरते आणि सरकार उधळतं, असं झालं तर एक बैल पुढे ओढतो, दुसरा मागे. गाडी जागची हलत नाही. आणि दुखणं अंगावर काढलं, तर औषध अधिक कडू घ्यावं लागतं.

सांगा पाहू :
१. डॉलर आपल्याला कसे मिळतात?
२. रुपयाचा भाव उतरला, तर कोणाचा फायदा होतो? कोणाचा तोटा?