ओट्याचे नाव आणि ओट्याचा पत्ता



आपल्या शाळेच्या ‘ओटा’ या पॉडकास्टचे नाव आता लिंबायतमधील बऱ्याच घरांत ठाऊक झाले आहे. त्यात कोणी आजीकडून ऐकलेली अहिराणी गोष्ट सांगतो, कोणी वडिलांच्या यंत्रमागाविषयी बोलतो, कोणी सुटीत भुसावळच्या गाडीने मामाच्या गावी गेल्याची हकीकत वर्णन करतो. श्रोत्यांना हे सर्व आयते ऐकू येते. परंतु लिंबायतमध्ये ध्वनिमुद्रित झालेला भाग अमळनेरच्या एखाद्या घरातील मोबाइलवर आपोआप कसा जाऊन पोहोचतो, याचा विचार फार थोडे करतात. तो विचार करण्यासाठी हा पाठ आहे. यात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचीही कबुली आहे. शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांस उपयोगी पडली, तर ती अगदीच व्यर्थ गेली असे म्हणता येणार नाही.

पॉडकास्ट म्हणजे काय?

आकाशवाणीचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. ती वेळ चुकली की तो बहुधा हातचा गेला. पॉडकास्टचे तसे नाही. त्याचे भाग एखाद्या नियतकालिकाच्या अंकांप्रमाणे एकामागून एक निघतात आणि वर्गणीदाराकडे पोहोचतात. तेथे ते त्याच्या सवडीची वाट पाहत थांबतात. बहुतेक ठिकाणी या वर्गणीस पैसा पडत नाही.

ही वाटणी एका लहानशा लिखित पत्रकाच्या आधारे चालते. त्यास ‘आर.एस.एस. फीड’ असे म्हणतात. ही आद्याक्षरे आपल्या परिचयाची वाटली, तरी येथे त्यांचा अर्थ अगदी निराळा आहे : ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’, म्हणजे वितरणाची खरोखर सोपी रीत. आपण सोयीसाठी या फीडला ‘नोंदपत्रक’ म्हणू. नोंदपत्रकात आवाज नसतो. आवाज कोठे ठेवला आहे, याची नोंद असते. श्रोत्याच्या मोबाइलमधील ॲप ठराविक काळाने या नोंदपत्रकाच्या पत्त्यावर डोकावते. नवी नोंद दिसली की ते ती श्रोत्यापुढे मांडते. म्हणजे आपण भाग पाठवीत नाही. आपण नोंद करतो आणि श्रोत्याचे ॲप तो घेऊन जाते.

या रीतीचा इतिहास फार जुना नाही. नेटस्केप या कंपनीने १९९९ साली आर.एस.एस.चे पहिले रूप काढले, ते बातम्यांचे मथळे वाटण्यासाठी. २००० सालच्या अखेरीस डेव्ह वायनर यांनी त्यात ध्वनीची फाइल जोडण्याची सोय केली. या कल्पनेचा पाठपुरावा ॲडम करी यांनी केला होता. २००२ साली या रीतीची दुसरी आवृत्ती निघाली व तीच आजही चालते. ‘पॉडकास्ट’ हा शब्द मात्र त्यानंतरचा. २००४ च्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’ या इंग्रजी वृत्तपत्रात बेन हॅमर्सली यांनी तो प्रथम वापरला. ‘आयपॉड’ हे संगीत ऐकण्याचे यंत्र आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रसारण, यांची ती संधी होय. पुढे जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

नोंदपत्रकाचे अंतरंग

नोंदपत्रकाचे दोन भाग असतात. पहिल्यात सबंध पॉडकास्टची माहिती असते : नाव, वर्णन, भाषा, विषयाचा वर्ग, मुखचित्र, आणि मजकूर केवळ प्रौढांसाठी आहे किंवा नाही याचा खुलासा. मुखचित्र चौरस लागते. ॲपलच्या नियमाप्रमाणे त्याची बाजू १४०० ते ३००० बिंदूंची असावी. परंतु श्रोत्यास ते अंगठ्याच्या नखाएवढेच दिसते, हे ध्यानात ठेवून त्यावरील अक्षर ठसठशीत काढावे.

भाषेच्या रकान्यात संकेताक्षरे लिहावी लागतात. मराठीसाठी ‘एम-आर’ आणि गुजरातीसाठी ‘जी-यू’ अशी दोन अक्षरे आहेत. माझी मातृभाषा कोंकणी. भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला १९९२ साली स्थान मिळाले; पण या दोन अक्षरी संकेतांच्या यादीत तिला अद्याप जागा नाही. तिचा ‘के-ओ-के’ हा संकेत तीन अक्षरी यादीत सापडतो. तुमच्या अहिराणीलाही दोन अक्षरांचा संकेत नाही. म्हणून आपण रकान्यात मराठी लिहितो आणि भाग अहिराणीत असल्यास तसे वर्णनात स्पष्ट नमूद करतो.

दुसऱ्या भागात प्रत्येक ध्वनिभागाची स्वतंत्र नोंद असते. ती समजण्यासाठी रिंग रोडवरील कापडबाजारातून सुटणारे पार्सल डोळ्यांपुढे आणा. पार्सल कोठे आहे, त्याचे वजन किती आणि आत माल कोणता, या तीन गोष्टी कागदावर लागतात. नोंदीतही तसेच आहे. फाइलचा पत्ता, तिचा आकार आणि तिचा प्रकार या तीन गोष्टी लिहाव्या लागतात. आकार मिनिटांत नव्हे, तर बाइटमध्ये लिहावयाचा असतो. सेकंदास १२८ किलोबिट या दराने फाइल केली, तर एका सेकंदाचे १६,००० बाइट होतात. दहा मिनिटांचे सेकंद ६००. म्हणून आकार सुमारे ९६ लाख बाइट. केवळ बोलणेच असेल तर एकेरी ध्वनीस ६४ किलोबिट बहुधा पुरतात व आकार निम्म्यावर येतो. ज्यांच्या घरी मोबाइलचा डेटा मोजून वापरला जातो, त्यांच्यासाठी ही काटकसर लहान नव्हे.

वेळेच्या नोंदीतही दक्षता हवी. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. सकाळचे नऊ लिहून पुढे ‘अधिक ०५३०’ लिहावयाचे राहिले व तेथे शून्ये पडली, तर आपला सकाळचा भाग दुपारी अडीचचा ठरतो. त्याचप्रमाणे नावात ‘आणि’ऐवजी & हे चिन्ह तसेच उघडे घातले, तर सबंध नोंदपत्रक वाचता येईनासे होते; कारण त्या लिपीत हे चिन्ह विशेष अर्थाने राखून ठेवलेले आहे. आपल्याला तर ‘आणि’ हा सुंदर शब्द उपलब्ध आहे. तो लिहावा आणि निश्चिंत असावे.

या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा रकाना ‘जी.यू.आय.डी.’ हा होय. प्रत्येक भागास मिळालेला हा कायमचा क्रमांक. शाळेत दाखल होताना तुम्हांस जी.आर. नंबर मिळतो. पुढे नावाचे शुद्धलेखन सुधारले, तुकडी बदलली, घर बदलले, तरी तो नंबर बदलत नाही. भागाचेही तसेच. शीर्षकातील चूक सुधारावी, वर्णन बदलावे. पण हा क्रमांक बदलू नये. तो बदलल्यास ॲप जुन्या भागास नवा समजते आणि श्रोत्यापुढे एकच गोष्ट दोनदा येऊन पडते.

नाव कसे असावे?

आता नावाकडे वळू. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी आपले पत्र सुरू केले आणि त्यास ‘दर्पण’ असे नाव दिले. आपल्या सुरतेत जन्मलेल्या कवी नर्मदांनी १८६४ साली ‘दांडियो’ हे पाक्षिक काढले. दोन्ही नावे एकेका शब्दाची, उच्चारास सोपी आणि पत्राचा स्वभाव सांगणारी. आजच्या मराठी पॉडकास्टांतील ‘अमुक तमुक’ किंवा बीबीसी मराठीचे ‘गोष्ट दुनियेची’ ही नावेही एकदा ऐकली की स्मरणात राहतात.

मी मात्र येथेच फसलो. आपल्या पॉडकास्टला मी प्रथम ‘गजाल’ असे नाव दिले होते. कोंकणीत गजाल म्हणजे गोष्ट, वार्ता, बोलणे. मला तो शब्द लहानपणापासूनचा. त्यामुळे तो सर्वांस गोड वाटेल असे मी गृहीत धरले. परंतु खानदेशातून आलेल्या तुमच्या घरांत तो कोणास ठाऊक नव्हता. रोमन लिपीत शोध घेणाऱ्यांपुढे तर गझलांचे ढीग येऊन पडत. एका पालकांनी मला अत्यंत आदराने विचारले, “सर, मुले गझला केव्हा गाणार आहेत?”

तेव्हा वर्गात चर्चा झाली आणि एका विद्यार्थिनीने ‘ओटा’ हे नाव सुचविले. खानदेशातील घरापुढे ओटा असतो, शेजारच्या गुजराती घरापुढे ओटलो असतो, आणि आमच्या गोव्याकडील घरापुढे बसण्यासाठी सोपो असतो. तिन्ही ठिकाणी संध्याकाळी माणसे बसतात व बोलतात. मी आणलेला शब्द माझ्या घरचा होता. तिने आणलेला शब्द सर्वांच्या घरचा होता. नाव निवडताना मालकाच्या आवडीपेक्षा ऐकणाऱ्याची ओळख मोठी, हे मी त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीकडून शिकलो.

नावाविषयी आणखी काही नियम सांगतो. तेच नाव दुसऱ्याने घेतले आहे काय, हे आधी पाहावे. नावापुढे ‘उत्तम मराठी गोष्टी, गाणी, ओव्या, सुरत’ अशी शब्दांची माळ लावू नये; ती वर्णनात शोभते. रोमन लिपीतील रूपही वर्णनातच द्यावे. भागाच्या शीर्षकात ‘भाग ७’ असे लिहू नये, कारण क्रमांकासाठी वेगळा रकाना आहे. शीर्षकाने आतील विषय सांगावा. ‘आजीची मुलाखत’ यापेक्षा ‘जात्यावरच्या ओव्या : पहाटेचे दळण’ हे शीर्षक अधिक बोलके आहे.

नाव बदलते, पत्ता बदलत नाही

नाव बदलणे हे वस्तुतः सोपे काम आहे. नोंदपत्रकातील एक ओळ बदलावयाची. पत्ता तोच राहतो आणि वर्गणीदारही तेच राहतात. सुरतेतच याचे जुने उदाहरण आहे. १८६३ साली येथे ‘सुरत मित्र’ हे पत्र निघाले. पुढे ते ‘गुजरात मित्र’ झाले, नंतर ‘गुजरात दर्पण’ त्यात विलीन झाले, आणि ते पत्र आजही निघते. नाव बदलले, परंतु वाचकांशी जडलेला संबंध तुटला नाही.

आपल्या बाबतीत तो तुटला, आणि त्यास कारण मी होय. पॉडकास्टचे खाते मी घाईने माझ्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडले होते. परवलीचा शब्द कोठेही लिहून ठेवला नव्हता. पुढे मी क्रमांक बदलला, परवलीचा शब्द विसरलो, आणि खात्याचे दार माझ्यासाठीच बंद झाले. ‘गजाल’चे नाव बदलता येईना, जुन्या श्रोत्यांस निरोपही ठेवता येईना. ‘ओटा’ नव्या पत्त्यावर, अगदी पहिल्यापासून सुरू करावा लागला.

हानी किती झाली, ते मला पावसाळ्यात कळले. जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या आजीबाईंचा पहिला भाग ‘गजाल’वर होता, दुसरा ‘ओट्या’वर. त्यांचा थोरला मुलगा नंदुरबारकडे मालमोटार चालवितो. पहिला भाग त्याने कित्येकदा ऐकला होता. आईने दुसरा भाग सांगितला आहे हे त्यास ठाऊक होते आणि तो जुन्या पत्त्यावर त्याची वाट पाहत राहिला. तो भाग तेथे येणे शक्यच नव्हते. दरम्यान आजीबाई वारल्या. दिवसकार्यासाठी तो लिंबायतला आला, तेव्हा त्यांच्या नातवाने, म्हणजे आपल्या नववीतील विद्यार्थ्याने, त्यास तो भाग ऐकविला. “आई असताना ऐकला असता तर तिला फोन करून सांगितले असते,” एवढेच तो म्हणाला. त्याने मला दोष दिला नाही. पण तेव्हापासून पत्ता ही गोष्ट मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

आता आपण काय करतो?

खाते शाळेच्या नावच्या ईमेलवर आहे. परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. प्रत्येक भागाची मूळ फाइल शाळेच्या संगणकात आणि एका वेगळ्या डिस्कवर, अशी दोन ठिकाणी ठेवली जाते. भाग चढविल्यावर नोंदपत्रक तपासणाऱ्या साधनातून ते एकदा पाहून घेतले जाते. पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय कोणाचाही आवाज जात नाही. मुलांचे आडनाव किंवा घरचा पत्ता वर्णनात येत नाही.

पुढेमागे फाइली ठेवण्याची संस्था बदलावी लागली, तर जुना पत्ता एकदम मोडावयाचा नाही. घर बदलणारा शहाणा मनुष्य पोस्टमनला नवा पत्ता देऊन जातो. येथेही जुन्या पत्त्यावर ‘३०१’ या संकेताचा, म्हणजे ‘कायमचे स्थलांतर’ असा निरोप ठेवता येतो. ॲप तो वाचून नव्या पत्त्याकडे वळते. हा निरोप निदान काही आठवडे ठेवावा आणि सर्व भागांचे कायमचे क्रमांक जसेच्या तसे न्यावेत. खात्याची किल्ली हाती असेल तरच हे घडते.

ॲप येतात आणि जातात. गूगल पॉडकास्ट हे ॲप २०२४ साली बंद झाले. परंतु ज्यांची नोंदपत्रके शाबूत होती, त्यांचे भाग इतर ॲपमधून ऐकू येत राहिले. दुकान बंद झाले तरी मालाची वही आपल्या हाती राहते, हा या जुन्या, साध्या रीतीचा मोठा गुण आहे.

अभ्यास

१. ९६ किलोबिट दराने केलेल्या १५ मिनिटांच्या भागाचा आकार किती बाइट होईल?
२. शीर्षक बदलणे व पत्ता बदलणे यांतील फरक पाच ओळींत लिहा.
३. घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून एक ओवी, म्हण किंवा आठवण त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. भागाचे शीर्षक सहा शब्दांत व वर्णन तीन ओळींत लिहून आणा.

तिसरा प्रश्न सुटीपर्यंत लांबणीवर टाकू नका. पहिले दोन केव्हाही सोडविता येतील.