भिंतीचा माल भुसभुशीत कां होतो?

नाशिक जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून हल्लीं विटा-सिमेंटाचीं घरें पुष्कळ उठत आहेत. त्यांपैकीं कांहीं घरांत एक दोष आढळतो. वर्ष लोटत नाहीं तोंच गिलाव्यावरून हात फिरविला असतां पूड लागते, आणि खिळ्यानें टोकरलें असतां विटांमधील माल वाळूसारखा गळतो. घरधनी म्हणतो, "सिमेंटच खोटें होतें." जन्माची शिल्लक जींत घातली त्या भिंतीविषयीं असा निकाल देण्यापूर्वीं चौकशी करणें अवश्य आहे; कारण दोष बहुधा सिमेंटाचा नसून आपल्या जुन्या सवयीचा असतो.

मातीची भिंत वाळून घट्ट होते. आपल्या वाडवडिलांस हाच अनुभव होता. परंतु ज्या पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें १८२४ सालीं इंग्लंडांत घेतलें, त्याचा गुण उलटा आहे. पाण्याशीं संयोग होऊन तें घट्ट होतें, व हें कार्य ओल असेतोंच चालतें. आपण उन्हाळ्यांत भिंत बांधतों; तेव्हां पारा कित्येकदा ४० अंशांपाशीं जातो आणि कोरडा वारा ओल ओढून घेतो. पेठ, सुरगाणा या तालुक्यांत पाऊस भरपूर, परंतु उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याचीही टंचाई. मग भिंतीस कोण पाजणार? यास्तव विहिरींस पाणी असतां, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षांत, काम काढावें हें उत्तम. दुसऱ्या दिवसापासून निदान ७ दिवस, आणि उन्हाळा असल्यास १० दिवस, भिंत सतत ओली राखावी. ओलें गोणपाट टांगल्यास पाणी कमी लागतें. विटाही आधीं भिजवाव्या. कोरडी वीट मालांतील पाणी शोषून घेते.

आतां इतर कारणें पाहूं. वाळूंत माती असल्यास माल विटेस धरत नाहीं. बाटलींत वाळू, पाणी व चिमूटभर मीठ घालून हलवावें, आणि ३ तास स्थिर ठेवावें. वर बसलेला गाळ शेंकडा ८ हून अधिक दिसल्यास वाळू धुवावी. एक भाग सिमेंटास वाळू बांधकामांत ६ व गिलाव्यांत ४ भाग, एकाच मापानें मोजून घ्यावी. फावड्याच्या अंदाजावर विसंबूं नये. पाणी घातलेला माल २ तासांच्या आंत, उन्हांत त्याहूनही लवकर, संपवावा. घट्ट होऊं लागलेल्या मालांत पुन्हां पाणी ओतणें म्हणजे त्याचें बळ घालविणें होय. सिमेंट तीन महिन्यांहून जुनें असेल, किंवा त्यांत बोटांनीं न फुटणारे खडे असतील, तर तें वापरूं नये. मात्र पायथ्याशीं ओलीजवळ पांढरी पूड दिसल्यास तो लोणा समजावा. त्याचा उपाय ओल थांबविणें हा आहे.

झालेल्या दोषावर चुन्याचा हात फिरवून तो झांकूं नये. पूड वरवरचीच असल्यास घट्ट थर लागेपर्यंत तारेच्या ब्रशानें घासावी. दर्जा भुसभुशीत असल्यास सुमारें पाऊण इंच खोल खरवडून, धुवून, नव्या मालानें भराव्या व ओल्या ठेवाव्या. ठोकतां पोकळ वाजणारा गिलावा काढूनच टाकावा. खिळा खोलवर सहज जात असेल, तर वर स्लॅब चढविण्यापूर्वीं जाणत्या अभियंत्यास भिंत दाखवावी. कारण तिच्या आश्रयानें मुलेंबाळें निजतात.

गवंडी मजुरी घेऊन गेल्यावर पाणी मारण्याचें काम घरच्यांकडेच राहतें. तें कामाच्या आरंभींच कोणा एकाकडे नेमून द्यावें, म्हणजे चुकणार नाहीं.