पदराला माइक लावताना

प्रश्न : आम्ही बेंगळुरूला बसवनगुडीत राहतो. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. माहेर चिकपेटजवळचं, भावसारांचं. पिढ्या इथेच गेल्या तरी घरात मराठीच, फक्त निम्मी कन्नडात भिजलेली. दुपारचं जेवण झालं की त्या जुन्या पेठेतल्या गोष्टी सांगत बसतात. मुलगा म्हणतो, याचा पॉडकास्ट कर. पण विचारायला गेलं की कोणी महागडा माइक सांगतं, कोणी म्हणतं वेबसाइटशिवाय काही खरं नाही. पंधरा हजारांत काय काय घ्यावं? – एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : पंधरा हजार पुष्कळ झाले. निम्मे राखून ठेवा, कारण पहिल्या महिन्यात काय घ्यायला हवं होतं ते दुसऱ्या महिन्यात कळतं. हे शहाणपण मी स्वतःच्या खिशातून घेतलंय. माझा पहिला माइक कंडेन्सर जातीचा, दिसायला मोठा देखणा. पहिल्याच दिवशी त्याने माझा आवाज टिपला, शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या टिपल्या आणि वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची ओढली तीही टिपली. बिचाऱ्याचा दोष नव्हता. बारीकसारीक सगळं ऐकणं हेच त्याचं काम, आणि ते चिडीचूप स्टुडिओत शोभतं. घरी डायनॅमिक माइक बरा. तो चार बोटांवर धरून बोलायचा असतो, म्हणून लांबचे आवाज आपोआप मागे पडतात.

पण तुमच्याकडे डायनॅमिकही नको. सासूबाई गोष्ट सांगताना माइककडे तोंड करून थोड्याच बसणार आहेत? त्या खिडकीकडे बघतील, नातवाकडे वळतील, हातवारे करतील. चार बोटांचं अंतर दुसऱ्याच वाक्याला चार हातांचं होईल. त्यांच्यासाठी अंगावर लावायचा कॉलर माइक हवा, म्हणजे मान कुठेही वळली तरी अंतर तेवढंच राहतं. वायरचा साधा कॉलर माइक हजाराच्या आतबाहेर मिळतो. तुम्ही दोघी बोलणार असाल तर दोन माइक आणि एक रिसीव्हर असा वायरलेस संच घ्या. रिसीव्हर फोनला लावला की झालं. त्यात मोनो आणि स्टिरिओ अशी सोय असेल तर स्टिरिओ ठेवा. मग तुमचा आवाज एका पट्टीवर आणि त्यांचा दुसऱ्या पट्टीवर येतो, आणि त्या बोलत असताना तुम्ही खोकलात तर तो खोकला वेगळा काढून टाकता येतो. दोन यूएसबी माइक आणून एकाच लॅपटॉपला लावायचा बेत मात्र करू नका. ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर एका वेळी एकाच उपकरणावरून रेकॉर्ड करतं आणि दुसरा माइक शोभेला उरतो.

खरेदी एस. पी. रोडवर, म्हणजे टाउन हॉलजवळच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर करता येईल. जाताना फोन आणि हेडफोन सोबत न्या. माइकची पिन फोनला बसते का ते दुकानातच बघा, दोन वाक्यं रेकॉर्ड करून ऐका, मग पैसे द्या. तिथे गोंगाट असतो ते बरंच. त्या गोंगाटातून तुमचा आवाज वर आला तर घरी चिंता नाही.

आता पदराचं. कॉलर माइक कॉलरसाठी केलेला, नऊवारी-सहावारीचा विचार कोणी केलेला नाही. रेशमी साडीवर लावला तर प्रत्येक श्वासाला सळसळ ऐकू येते. गळ्यातल्या साखळीचे मणी त्यावर आपटले तर दारावर कोणी टकटक करतंय असं वाटतं. सुती साडी, पदर खांद्याशी पिनेने घट्ट आणि त्या घडीवर माइक, हनुवटीपासून साधारण एक वीत खाली. थंडीत शाल असेल तर ती माइकच्या खाली घ्या, वरून नको. बांगड्या काढा म्हणू नका, त्यांना ते आवडणार नाही. मांडीवर एक उशी द्या, हात तिच्यावर टेकले की किणकिण पुष्कळ कमी होते. आणि कॉफीचा स्टीलचा लोटा-वाटी रेकॉर्डिंग संपेपर्यंत स्वयंपाकघरातच राहू दे.

खोली कशी निवडावी? प्रत्येक खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट फुटली, ती भिंतींवरून टणटणत परत आली, तर ती खोली बाद. बैठकीत फरशी आणि काच असते, तिथे हेच होणार. कपाट, गादी, गोधड्यांची चळत असलेल्या खोलीत टाळी जागच्या जागी मरते, ती तुमची खोली. बेंगळुरूच्या हवेत वर्षातले बरेच महिने पंखा बंद ठेवून बसता येतं, ही सवलत आम्हा मुंबईकरांच्या नशिबात नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका. इन्व्हर्टर गुणगुणत असेल तर त्याच्यापासून लांब बसा. बाहेरून भाजीवाल्याच्या गाडीवरचं भोंग्यातलं कन्नड आलं तर गोष्ट थांबवू नका. चिकपेटच्या आठवणीत ते परकं वाटणार नाही.

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो असं धरलं तर अर्ध्या तासाला सुमारे २६० एमबी लागतात. तीच गोष्ट ९६ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये २२ एमबीच्या आत बसते. लोकांना एमपी३ द्या, मूळ फाइल दोन ठिकाणी जपा. नातवंडांना उद्या तीच लागेल.

वेबसाइट पहिल्या दहा भागांपर्यंत नको. पॉडकास्टला खरी गरज असते ती फीडची, म्हणजे आरएसएस नावाच्या एका साध्या यादीची. भागाचं नाव, तारीख आणि आवाजाची फाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता एवढंच तिच्यात असतं. होस्टिंग कंपनी तुमच्या फाइली ठेवते आणि ही यादी तयार करते. ॲपल, स्पॉटिफायसारखी ॲप ती वाचून भाग लोकांपुढे ठेवतात. म्हणून ॲप आलं-गेलं तरी बिघडत नाही. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, पण ज्यांची फीड शाबूत होती त्यांचा एकही भाग हरवला नाही.

फुकटात स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स आहे. पूर्वीचं अँकर ते हेच, २०१९ मध्ये स्पॉटिफायने विकत घेतलेलं. सुरुवातीला ते पुरेल. बझस्प्राउट, कास्टोस वगैरे पैसे घेतात आणि तेही डॉलरच्या हिशेबाने, म्हणून घाई नको. कुठेही गेलात तरी एकच प्रश्न आधी विचारा : उद्या मी इथून निघाले तर जुनी फीड नव्या पत्त्याकडे वळवून द्याल का? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे बिऱ्हाड करू नका. फीडमध्ये घालायचा ई-मेल वेगळा काढा. तो कोणालाही दिसू शकतो आणि पॉडकास्ट तुमचाच आहे याची खातरजमाही बहुधा त्याच पत्त्यावर होते. तेव्हा तो मुलाच्या ऑफिसचा नको.

डोमेन नाव मात्र आत्ताच स्वतःच्या नावावर घेऊन ठेवा. पुढे वर्डप्रेसवर साइट उभारलीत तर सीरियसली सिंपल पॉडकास्टिंग किंवा पॉवरप्रेस ही प्लगइन कामाची आहेत. भागाचं शीर्षक खुशाल देवनागरीत ठेवा, पण त्या पानाचा पत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा असू द्या. देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह संगणकाच्या पत्त्यात नऊ खुणांचं होतं. ‘चिकपेट’ एवढ्या शब्दाची चांगली हातभर शेपटी तयार होते आणि व्हॉट्सॲपवर पाठवली की लोकांना फसवणुकीची लिंक वाटते. मुखचित्र चौकोनी, किमान १४०० बाय १४०० पिक्सेलचं लागतं. त्यावर शब्द मोजके ठेवा, फोनवर ते नखाएवढं दिसतं.

पॉडकास्ट म्हणजे काय असं सासूबाईंनी विचारलं तर त्यांना ‘तले-हरटे’ ऐकवा. तुमच्याच शहरातला, २०१९ मध्ये सुरू झालेला कन्नड पॉडकास्ट. हरटे म्हणजे आपल्या गप्पाच. आणि घरात बसून कोणी रेडिओ चालवतं का, अशी शंका आली तर म्हैसूरचे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी आहेत. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि १९३५ मध्ये त्यांनी राहत्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं. ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राचं, देशाने ते नंतर उचललं.

एक राहिलं. प्रत्येक वेळी सुरुवातीला मिनिटभर कोणीही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा. त्या शांततेचा नमुना दिला की ऑडॅसिटी मागची घरघर ओळखून कमी करतं. त्या मिनिटात गप्प बसा असं सासूबाईंना सांगून ठेवा. त्या बसणार नाहीत, आणि नेमक्या तेव्हाच काहीतरी भारी बोलून जातील. तेवढं कापू नका.