रस्त्यांतील खड्डा

पावसाळा लागला कीं उशिरां येणारा विद्यार्थी खड्ड्याकडे बोट दाखवितो. परंतु खड्डा पडतो कसा, हें त्यास ठाऊक नसतें. डांबराच्या भेगेंतून पाणी मुरतें, खालचा भराव मऊ होतो आणि चाकाच्या दाबासरशीं वरचा थर उखडतो. नळ किंवा तारा घालण्यासाठीं खणलेला चर धुम्मस न करतां बुजविला, तर हें फार लवकर घडतें.

म्हणूनच मुंबईच्या 1888 सालच्या महानगरपालिका कायद्यानें परवानगीवांचून रस्ता खणण्यास मनाई केली आहे. परवानगी मिळाली तरी चराभोंवतीं कुंपण व रात्रीं दिवा ठेवणें खणणाराकडे असतें. आम्हांस तर हा दिवा परवान्यावरील शिक्क्याहून मोलाचा वाटतो. जुलै 2015 मध्यें जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर तारांसाठीं खणलेल्या, पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत दुचाकी आदळून 16 वर्षांचा मुलगा दगावला. त्याचे वडील त्यानंतर स्वतः खडी वाहून शहरांतील खड्डे बुजवूं लागले. ऑक्टोबर 2025 मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें अशा मृत्यूबद्दल वारसांस 6 लक्ष रुपये भरपाई ठरविली.

खड्डा दिसल्यास पालकांनीं विभाग कार्यालयास लेखी कळवावें. ‘शाळेपुढें मोठा खड्डा आहे’ एवढ्यानें कोणास काय समजणार? रस्त्याचें नांव, जवळची ठळक खूण, अदमासें लांबी-रुंदी, दिनांक हें सारें लिहावें. (खोली मोजण्यासाठीं मुलांनीं वाहत्या रस्त्यांत उतरूं नये.) अर्जाची पोंच अवश्य घ्यावी. ती नसेल, तर आपण कळविलें होतें हें पुढें कशानें दाखविणार?